प्रार्थनेचा विषय

राग हे पाप आहे, असं बरंबाईला लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाई हा धडा घेताना इतक्या संतापलेल्या असत, की शंका विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाकीची मुलं शाळा सुटल्याबरोबर धडा विसरली आणि सुखी झाली. ही एकटी विसरली नाही. कुणी काही मागितलं, सांगितलं, माथी मारलं, की ती 'बरं' म्हणे. म्हणून ती बरंबाई. आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण ते आता चष्म्याच्या दुकानातल्या तिच्या बिल्ल्यावरच काय ते उरलं होतं.

'बरं' म्हणणाऱ्या माणसाचा आणखी एक उपयोग असतो. त्याच्यापाशी लोक मन मोकळं करतात. बरंबाई दुकानात डोळे तपासायची. गिऱ्हाइकाची हनुवटी यंत्रावर, कपाळ पट्टीला टेकलेलं, खोलीत अंधार. अशा अवस्थेत माणूस काय वाटेल ते बोलून जातो. चर्चमधल्या मित्रमंडळींचे डोळे तिनं झाडून तपासले होते आणि त्या अंधारात झाडून सगळ्यांनी आपापली गुपितं तिच्याकडे ठेवायला दिली होती. तिनं त्यातलं एकही कधी बाहेर काढलं नव्हतं.

या अवाढव्य शहरात ती आत्याकडे राहायची. आत्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. कधीपासून, ते सांगणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. लग्न तिनं केलं नव्हतं. विचारणारे आले होते, पण त्यांतल्या एकालाही ताल नव्हता, असं ती सांगे. घर दोन खोल्यांचं. त्यातली एक पियानोची आणि उरलेली दोघींची.

आत्याच्या डोळ्यांचं बिनसलंय, हे बरंबाईला आधी कळलं ते चहामुळे. आत्या कपाच्या शेजारी चहा ओतायला लागली. तेव्हा एका संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तिनं आत्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "वाच." आत्यानं वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या बारीक ओळीपर्यंत धडाधडा वाचून दाखवलं. मग बरंबाईनं तिला सांगितलं, की पडदा अजून सुरूच केलेला नाही. बाहेर बाकावर बसल्या बसल्या आधीच्या गिऱ्हाइकांचं ऐकून आत्यानं सगळा तक्ता पाठ केला होता.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय, त्याला चष्मा नाही. कडेचं दिसेल, ज्याच्याकडे बघाल ते नेमकं दिसणार नाही.

"खरंय," आत्या घरी आल्यावर म्हणाली. "चर्चमध्ये उपदेश चालू असताना पाळकसाहेबांकडे बघितलं की पाळकसाहेब नाहीसे होतात. तेवढा एक फायदा."

आणि मग हसणं थांबवून म्हणाली, "हे या दोन खोल्यांच्या बाहेर गेलं ना, तर मला त्या ऑर्गनवरून उठवतील. चर्चचे पंच टपूनच बसलेत. त्यांना तो ऑर्गन विकून कीबोर्ड आणायचाय. कळलं?"

"बरं," बरंबाई म्हणाली. आणि हे 'बरं' तिनं अगदी मनापासून म्हटलं होतं.

जुनी गीतं आत्याच्या बोटांत होतीच. ऑर्गनवर ती नोटेशनचा कागद रीतसर लावे आणि योग्य वेळी उलटेही. कधीमधी उलटा लागे, पण ते मागच्या बाकांवरून दिसत नसे. अडचण नव्या गीतांची होती. त्यावर दोघींनी तोड काढली. बरंबाईला नोटेशन आत्यानंच शिकवलं होतं. नवीन गीत आलं, की शनिवारी ती कागद बघून एकेक ओळ गायची आणि आत्या पियानोवर बसवायची. असं सुखात चाललं होतं.

अशात पाळकसाहेबांना काव्य सुचलं.

शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. गीताला सात कडवी होती आणि चौथ्यानंतर चाल बदलत होती, कारण तोवर पाळकसाहेबांना दुसरी सुचली होती. कागद शुक्रवारी हाती पडला. रविवारच्या उपासनेत गायचं होतं.

"उद्या चारला ये," आत्या म्हणाली. "हे दोन तासांचं काम आहे. सरळ चालीचं असतं तर अर्ध्या तासाचं होतं."

"बरं," बरंबाई म्हणाली.

शनिवारी मात्र तिचे मित्र मोकळे होते.

चर्चच्या तरुण संघाची प्रमुख होती कप्तान. कुठल्याशा प्रवासी कंपनीत ती लोकांच्या सहलींची आखणी करायची, आणि सुट्टीच्या दिवशी सवय मोडू नये म्हणून आपल्या माणसांची करायची. तिच्या गळ्यात शिट्टी नव्हती. पण आहे असं वाटायचं. दुसरा दंतू, दातांचा नवा डॉक्टर. तिसरा गिटाऱ्या. तो गिटार वाजवायचा, कीबोर्ड वाजवायचा आणि डोळे मिटून मान हलवायचा. त्यातलं तिसरं उत्तम जमायचं.

सकाळी दंतूचं घर बदलायचं होतं. घर म्हणजे एक खोली, आणि सामान म्हणजे एक सोफा. बाकीचं सगळं सोफ्यावर मावलं असतं. नवीन खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि जिना सोफ्याचा विचार करून बांधलेला नव्हता. वरच्या बाजूला दंतू आणि गिटाऱ्या, खालच्या बाजूला, जिकडे सगळं वजन येतं तिकडे, बरंबाई. कप्तान कठड्याला टेकून उभी.

"डावीकडे घ्या! अरे तुमच्या डावीकडे नाही, सोफ्याच्या डावीकडे!"

"सोफ्याची डावी बाजू कुठली?" दंतूनं विचारलं.

"तू डॉक्टर आहेस ना? पेशंटची डावी बाजू कळते, सोफ्याची नाही कळत?"

पहिल्या वळणावर सोफा अडकला, तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. खालच्या मजल्यावरच्या बाईंना बाजारात जायचं होतं. त्या सोफ्यावर चढून पलीकडे उतरल्या आणि जाताना "बसायला बरा आहे" म्हणाल्या. बरंबाईच्या खांद्यावर सोफ्याचा पाय रुतला होता.

"मला चारला घरी जायचंय हं," ती खालून म्हणाली.

"अगं जाशील की! आत्ता कुठे सकाळ आहे."

सोफा वर पोचला तेव्हा सकाळ राहिली नव्हती. मग सगळ्यांना भूक लागली. मग एका उपाहारगृहाबाहेर रांगेत उभं राहणं झालं, कारण तिथली कॉफी चांगली आहे असं गिटाऱ्यानं कुठेतरी पाहिलं होतं. मग कप्तानला आठवलं, की चर्चच्या हॉलमधल्या खुर्च्या पुसून मांडायच्यात.

"मला खरंच जायचंय," बरंबाई म्हणाली. "आत्या वाट बघत असेल."

"आत्या काय, रोजच आहे घरी," कप्तान म्हणाली. "आपण चौघं असे कधी भेटतो? आणि तू गेलीस तर खुर्च्या कोण पुसणार? या दोघांना फडका धरता येत नाही."

"मला येतो," दंतू म्हणाला.

"तू गप्प बस. तुझा सोफा आम्ही चढवलाय."

बरंबाईनं खुर्च्या पुसल्या. चार वाजले तेव्हा ती मागून तिसऱ्या रांगेत होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. असं काय होतंय ते तिला नीट कळेना. तिला आधी वाटलं, ताप असेल. मग गिटाऱ्याला आवाज तपासायचा होता, म्हणून तिनं मायक्रोफोनसमोर उभं राहून 'हॅलो, हॅलो' म्हटलं. मग दुसऱ्या मायक्रोफोनसमोर म्हटलं. तिसऱ्याला तिचा 'हॅलो' इतका चढला, की गिटाऱ्यानं कानाला हात लावून विचारलं, "तू ओरडतेस का गं?"

"नाही," ती दातांवर दात दाबून म्हणाली.

आत्याला फोन करावा, तर आत्या फोन घेत नसे. कुणाचा आहे ते दिसत नाही आणि नको असलेल्या माणसाशी बोलावं लागतं, असं तिचं म्हणणं.

सहाला सगळं आवरलं. बरंबाईनं पिशवी खांद्याला लावली.

"अगं, प्रार्थना!" कप्तान म्हणाली. "प्रार्थना न करता कसं निघायचं? माझ्याच खोलीवर, इथे मागे तर आहे. पाच मिनिटं."

सोफ्याला नाही म्हणता येतं. खुर्च्यांनाही येईल. प्रार्थनेला नाही कसं म्हणणार? ते बरंबाईला कुणी शिकवलंच नव्हतं.

कप्तानच्या खोलीत चौघं गादीवर गोल करून बसली. रिवाज असा, की प्रत्येकानं आपला एक विषय सांगायचा आणि बाकीच्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. मुरलेल्या माणसांना माहीत असतं, की अशा वेळी खरं काही सांगायचं नसतं. कप्तान म्हणाली, मावसबहिणीची मुलाखत आहे. दंतू म्हणाला, नवीन खोलीतल्या नळाला पाणी नीट येऊ दे. गिटाऱ्या म्हणाला, मला नम्रता मिळू दे. हे तो दर आठवड्याला मागायचा आणि दर आठवड्याला न मिळाल्यासारखा वागायचा.

"आता तू," कप्तान म्हणाली.

"माझं काही नाही. मी निघते."

"असं कसं काही नाही? सकाळपासून तुझं लक्ष नाहीये. काहीतरी आहे. आमच्याशी नाही बोलणार तर कुणाशी?"

"मला जाऊ द्या."

"मन मोकळं कर गं."

आणि बरंबाईनं ते केलं. ते रागानं झालं, हे तिला मागाहून कळलं. "माझी आत्या घरी बसलीय!" ती म्हणाली. "तिला दिसत नाही! कागद वाचता येत नाही तिला! मी गाऊन दाखवल्याशिवाय तिला ते सात कडव्यांचं मढं वाजवता येणार नाही, आणि उद्या सगळ्यांना कळेल, आणि तुम्ही मला इथे नळाच्या पाण्यासाठी बसवून ठेवलंय!"

तिघांचेही हात हळूच तिच्या खांद्यांवर आले. त्यातल्या एका खांद्यावर सोफ्याचा वळ होता.

"हे या खोलीबाहेर जाणार नाही," कप्तान भिजल्या आवाजात म्हणाली. "चला रे, आत्यांसाठी प्रार्थना करू या."

तिघांनी आळीपाळीनं प्रार्थना केली. मनापासून केली, म्हणून ती लांबली. आत्याला उशीर होतोय म्हणून रागावलेल्या बरंबाईला त्या प्रार्थनेनं आणखी पाऊण तास उशीर झाला.

घरी आत्या पियानोसमोर बसलेली होती. दिवा लावलेला नव्हता.

"आलीस? मला वाटलं, चार वाजायचं बंद केलं की काय या शहरात."

"आत्या, अगं त्यांनी..."

"त्यांनी काय? दोरीनं बांधून ठेवलं होतं? जीभ कापली होती? 'मी निघते' एवढे दोन शब्द आहेत. नोटेशन शिकवलं तुला, हे शिकवायचं राहिलं माझं."

"बरं."

"'बरं' म्हणू नकोस! ते ऐकून माझ्या अंगाची लाही होते. दिवा लाव आणि गा."

बरंबाईनं गायला सुरुवात केली. आत्या एकेक ओळ उचलत गेली. दुसऱ्या कडव्यापाशी ती थांबली. "हे त्यांनीच लिहिलंय की छापणाऱ्यानं सूड घेतलाय?" चौथ्यानंतर चाल बदलली तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. पण तिची बोटं थांबली नाहीत. रागात ती अधिक चांगलं शिकते, असं बरंबाईला दिसलं. सातवं कडवं संपलं तेव्हा दोघींचे आवाज बसले होते आणि गीत आत्याच्या बोटांत गेलं होतं.

"झालं," आत्या म्हणाली. "आता कुणी माझं काही वाकडं करू शकत नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. पण आत्या दिवसात पहिल्यांदाच हसली होती, आणि 'हे या खोलीबाहेर जाणार नाही' असं कप्तान म्हणाली होती. बरंबाईनं विश्वास ठेवायचं ठरवलं. त्यात तिचा मोठासा दोष नाही. विश्वासाचंच तर शिक्षण होतं.

चर्चच्या सगळ्या मंडळींच्या फोनवर 'प्रार्थना-साखळी' नावाचा एक गट होता. एखाद्याचं दुखणं, एखादीचं मोडलेलं लग्न, कुणाच्या मुलाचे धंदे, हे सगळं तिथे प्रार्थनेचा विषय म्हणून येत असे. त्यामुळे चहाड्या करण्याचं पाप मंडळीतून जवळजवळ नाहीसं झालं होतं. त्या गटावर त्याच रात्री कप्तानचा मजकूर पडला होता: 'आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका ज्येष्ठ भगिनींची दृष्टी जात आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. त्यांचं नाव कृपया गुप्त ठेवावं.'

रविवारी सकाळी चर्चच्या फाटकातच एका बाईंनी आत्याला मिठी मारली.

"कशा आहात?" त्या आत्याच्या कानात ओरडल्या. "मी! आलेय! समोर!"

"दिसतंय," आत्या दचकून म्हणाली.

"हो का! दिसतंय!" बाईंचे डोळे भरून आले. "देवाची कृपा!"

मग एका गृहस्थांनी आत्याचा उजवा दंड पकडला, दुसऱ्यानं डावा. "पायरी आहे हं. आता आणखी एक पायरी. शाब्बास!"

"ही पायरी मी तुझ्या बापाच्या लग्नात चढले होते," आत्या म्हणाली. "सोड हात."

त्यांनी हात सोडले नाहीत. दयेची पकड फार घट्ट असते. आत्यानं मान वळवली. जिथे बरंबाई कडेनं दिसेल, तिथपर्यंत वळवली.

"कुणी सांगितलं?"

"मी," बरंबाई म्हणाली.

आत्यानं बरंबाईच्या हातातली आपली पिशवी ओढून घेतली. त्या दोन गृहस्थांच्या मधून ती आत गेली, जशी पोलिसांच्या मधून नेतात तशी.

आत ऑर्गनचं झाकण बंद होतं. त्यावर फुलदाणी ठेवली होती. शेजारी गिटाऱ्या कीबोर्डला वायर जोडत होता. पंचांनी रात्रीतूनच ठरवलं होतं, की आत्याबाईंना विश्रांती द्यायची. आत्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि तिच्या मांडीवर कुणीतरी शाल टाकली. थंडी नव्हती.

बरंबाईनं कप्तानला खांबामागे गाठलं.

"तू म्हणालीस, बाहेर जाणार नाही."

"अगं, पण मी नाव कुठे लिहिलंय?" कप्तान खरोखरच दुखावली होती. "उलट गुप्त ठेवा असं स्पष्ट लिहिलंय!"

"आपल्याकडे ऑर्गन किती जण वाजवतात?"

"त्याचा काय संबंध? मी नाव लिहिलेलं नाही. आणि तीनशे माणसं प्रार्थना करताहेत तुझ्या आत्यासाठी. तुला आनंद व्हायला हवा. तू रागावलीस की काय?"

बरंबाई जाऊन आत्याशेजारी बसली. आत्या सरकून बसली, जागा द्यायला नव्हे.

उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांनी पहिल्याच प्रार्थनेत आत्याबाईंच्या अनेक वर्षांच्या सेवेबद्दल देवाचे आभार मानले. ते 'होती', 'असत', 'करीत' असं बोलत होते. आत्याच्या मांडीवरच्या शालीत तिच्या मुठी वळल्या होत्या. मग ते म्हणाले, "आता मुक्त प्रार्थना. ज्यांच्या मनात असेल त्यांनी उभं राहून प्रार्थना करावी."

या चर्चचा जुना नियम असा, की मुक्त प्रार्थनेत कुणाला मध्ये थांबवायचं नाही. देवाशी चाललेलं बोलणं मध्येच कसं तोडणार? एक आजोबा उठले, पावसासाठी बोलले. एक आजी उठल्या, पाऊस नको म्हणाल्या. मग बरंबाई उठली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, रुमाल काढून ठेवले. भाचीला बोलायचा हक्कच होता.

"हे प्रभू," बरंबाई म्हणाली. आवाज नेहमीचाच, मऊ. "मी नाव न घेता प्रार्थना करते, आमच्या मंडळीत कीबोर्ड वाजवणाऱ्या एका भावासाठी."

कीबोर्डमागे गिटाऱ्यानं मिटलेले डोळे उघडले.

"त्याला तू डोळे उत्तम दिलेस. मी स्वतः तपासलेत. तळाची ओळ तो दोन्ही डोळ्यांनी वाचतो. पण प्रभू, त्याला नोटेशन वाचता येत नाही. त्यातलं ओ की ठो कळत नाही. समोर कागद लावतो, तो शोभेला. गाणं दहा वेळा कुठेतरी ऐकतो आणि मग वाजवतो. आजचं गीत अजून कुणीच ऐकलेलं नाही, कारण ते आमच्या पाळकांनी परवाच रचलंय. आत्याला कागद दिसत नाही म्हणून तिला उठवलं, आणि ज्याला कागद दिसतो पण वाचता येत नाही त्याला बसवलं. तर प्रभू, या भावाला आज सात कडव्यांतून पार ने. चौथ्यानंतर चाल बदलते, तिथे विशेष लक्ष दे."

कुणीतरी खोकलं. मागच्या बाकांवर पुष्कळजणांनी आमेनची वाट न बघता डोळे उघडले होते.

"आणि नाव न घेता," बरंबाईचा आवाज आता मऊ राहिला नव्हता, "प्रार्थना करते आमचा तरुण संघ चालवणाऱ्या एका भगिनीसाठी. तिनं मला जे सांगितलं..."

"आमेन!" आत्या गरजली.

सगळं चर्च एका आवाजात 'आमेन' म्हणालं. इतक्या कळकळीचा आमेन त्या भिंतींनी कधी ऐकला नव्हता. कप्तानचा तर सगळ्यांत आधी आला. दंतूनं दोनदा म्हटला.

बरंबाई मात्र खाली बसली नाही. ती समोर बघत उभीच राहिली, आणि ती उभी होती तोवर तिची प्रार्थना संपली असं कुणालाच खात्रीनं म्हणता येईना.

"आता... नवीन गीत," पाळकसाहेब घाईनं म्हणाले. मग गिटाऱ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "येतं ना?" मायक्रोफोन चालू होता.

"मी आपलं जुनंच एखादं घेऊ का?" गिटाऱ्या म्हणाला. त्याचाही चालूच होता. आदल्या दिवशी तपासलेले मायक्रोफोन उत्तम काम करत होते.

पाळकसाहेबांनी बरंबाईकडे बघितलं. पंचांकडे बघितलं. मग हातातल्या कागदाकडे, जिथे वर शब्द आणि चाल यांच्यापुढे त्यांचं नाव दोनदा छापलेलं होतं. सेवानिवृत्ती, दया, कीबोर्ड हे सगळं एका बाजूला, आणि सात कडवी एका बाजूला. कवीचं मन शेवटी कवीचंच.

"आत्याबाई," ते म्हणाले, "आपल्याला जर त्रास होणार नसेल..."

"मोठ्यानं बोला," आत्या म्हणाली. "सकाळपासून सगळे मला बहिरी समजताहेत."

"गीत आपल्याला येतं का?"

आत्या उठली. शाल खाली पडली, ती तिनं उचलली नाही. दंड धरायला दोघं धावले, त्यांना तिनं कोपरानं बाजूला केलं. बाकांच्या कडेला हात लावत ती ऑर्गनपर्यंत गेली, फुलदाणी उचलून तिनं गिटाऱ्याच्या हातात दिली आणि झाकण उघडलं. कागद लावला नाही.

ते गीत पाळकसाहेबांनी शांतीवर रचलं होतं. आत्यानं ते रागानं वाजवलं. मंडळी तिसऱ्या ओळीपासून मागे पडली ती पडलीच. लोक धापा टाकत शब्दांमागे धावत होते आणि आत्या थांबत नव्हती. चौथ्या कडव्यानंतर तिनं चाल अशी वळवली, की पहिल्या बाकावरच्या पंचांनी बाक धरला. सातवं संपलं तेव्हा चष्म्यांवर वाफ धरलेली होती आणि खिडकीची एक काच अजून थरथरत होती.

"माझ्या गीतात इतका... आवेश आहे, हे मलाच माहीत नव्हतं," पाळकसाहेब दारात म्हणाले. "मात्र ऑर्गनचा विषय पंचांना बुधवारी घ्यावाच लागेल."

कप्तान फाटकाशी रडत होती. "माझं तू सगळ्यांसमोर सांगणार होतीस!"

"मी तुझं नाव घेणार नव्हते," बरंबाई म्हणाली. असं बोलून बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. कानाच्या पाळ्या तशाच तापलेल्या राहिल्या.

आत्या रस्त्याला लागली होती. भिंतीच्या कडेनं, एकटी, भराभरा. बरंबाईनं तिला लॉन्ड्रीच्या दारापाशी गाठलं.

"आत्या."

"त्या पोरानं तुला ते विश्वासानं सांगितलं होतं ना? नोटेशनचं?"

"हो."

"आणि मीही विश्वासानंच सांगितलं होतं."

"हो."

"म्हणजे तुझ्याकडे ठेवलेलं आता कुणाचंच सुरक्षित नाही."

"तू मला कालपासून एक शब्द बोलू दिलेला नाहीस! सांगू नको म्हणालीस, चारला ये म्हणालीस, सगळं लपवायचं मीच, गायचं मीच, खोटं बोलायचं मीच! मला विचारलंस कधी?"

हे आपण म्हणालो, यावर बरंबाईचाच विश्वास बसेना. आत्या थांबली. तिनं मान वळवून भाचीला कडेनं बघून घेतलं, नीट, बराच वेळ.

"लपवण्यात फार दमायला झालं होतं," आत्या म्हणाली. "आता ते संपलं. आता नुसतं भांडायचं. पंचांशी बुधवारी." तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुझ्याशी आत्तापासून. बोल. काय म्हणत होतीस, खोटं मी बोलायला लावलं?"

"लावलंसच!"

"आणि माझी शोभा कुणी केली?"

लॉन्ड्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि तो दारात येऊन उभा राहिला. पलीकडच्या बसथांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. दोघींपैकी कुणीच आवाज खाली आणला नाही.